पुढच्या दाराची काच किती काळी?

(वाचकांचे प्रश्न, गाडीच्या काचांविषयी)

प्रश्न : आम्ही परभणीला राहतो. यंदा पाडव्याला सात आसनी गाडी घेतली, पांढरी. घरात पाच वर्षांची मुलगी, आठ महिन्यांचा मुलगा आणि सासरे. सासऱ्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, ते पुढच्या सीटवर बसतात. माझं माहेर लातूरचं, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी जाणं-येणं होतं. पहिल्याच फेरीत लेकराचा हात उन्हानं लालबुंद झाला. यजमान म्हणतात, चारी दारांना काळी फिल्म लावून टाकू. दुकानदारानं ‘मागं वीस, पुढं पस्तीस’ असं सुचवलं आणि वर ‘पस्तीस म्हणजे एकदम लाइट’ असंही म्हणाला. गाडी मीसुद्धा चालवते. पुढच्या दारांना किती टक्क्यांची लावावी?
— एक शिक्षिका, परभणी

उत्तर : ताई, आधी त्या ‘पस्तीस’चा घोळ मिटवू. माझ्या गाड्यांच्या काचांच्या दुकानात येणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं की ३५ टक्के म्हणजे काच ३५ टक्के काळी. ते उलटं आहे. फिल्मवरचा आकडा म्हणजे तिच्यातून आरपार जाणारा उजेड. व्हीएलटी म्हणतात त्याला. ३५ ची फिल्म १०० पैकी ६५ भाग उजेड अडवते. २० ची अडवते ८० भाग. म्हणजे आकडा जितका लहान, तितका अंधार जास्त.

दुसरी गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. फिल्म हवेत लावत नाहीत, काचेवर लावतात, आणि तुमच्या गाडीची काच कंपनीतूनच थोडी हिरवट येते. दाराच्या अशा काचेतून साधारण ७५ टक्के उजेड आत येतो. त्यावर ३५ ची फिल्म चढवली की ७५ चे ३५ टक्के, म्हणजे जेमतेम २६ उरतात. मागच्या २० चं गणित केलं तर १५. आणि नियम काय सांगतो? केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, त्यातला नियम १००: पुढच्या आणि मागच्या मोठ्या काचेतून किमान ७० टक्के उजेड दिसला पाहिजे, बाजूच्या काचांतून किमान ५०. हे ५० बाजूच्या सगळ्याच काचांना लागू आहेत, पुढच्या दारालाही आणि मागच्याही. म्हणजे दुकानदारानं सुचवलेली एकही फिल्म नियमात बसत नाही. ७० ची लावली तर ७५ चे ७० टक्के, साडेबावन्न. दाराच्या काचेला एवढीच काय ती जागा आहे. ५० ची फिल्म मागितलीत तरी साडेसदतीसवर येऊन आपटाल.

आता तुमचा खरा प्रश्न उन्हाचा आहे, काळेपणाचा नाही. हे दोन वेगळे आहेत, आणि सगळी फसगत इथंच होते. सूर्याकडून येणाऱ्या उष्णतेत डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाचा वाटा निम्म्याहून कमी. निम्म्याच्या आसपास, किंबहुना थोडी जास्तच, उष्णता इन्फ्रारेड किरणांतून येते, जे डोळ्याला दिसतच नाहीत. उरलेला थोडासा भाग अतिनील किरणांचा, जे कातडी भाजतात. स्वस्तातली काळी फिल्म म्हणजे रंगवलेलं प्लास्टिक. ती दिसणारा उजेड अडवते आणि इन्फ्रारेड बरंचसं आत सोडते. शिवाय जो उजेड अडवते तो स्वतःच्या अंगात मुरवून घेते, काच तापते, आणि ती तापलेली काच तुमच्या खांद्याशी शेगडीसारखी धगधगत राहते. एप्रिलच्या दुपारी काळ्या काचेला आतून पालथा हात लावून बघा, मी काय म्हणतो ते कळेल.

सिरॅमिक फिल्म मिळते ती वेगळी. जवळजवळ पारदर्शक दिसते, पण इन्फ्रारेड अडवते आणि अतिनील किरण ९९ टक्क्यांपर्यंत. चांगल्या कंपनीची ७० ची सिरॅमिक फिल्म उन्हाची एकूण ४० ते ५० टक्के उष्णता परतवते. रंगवलेली काळीकुट्ट फिल्मही साधारण तेवढीच परतवते, किंवा कमी. किंमत बरीच जास्त आहे, हे खरं. पण तुम्ही पैसे गारव्यासाठी देताय की काळेपणासाठी, एवढं घरात बसून ठरवा. दुकानात ‘आयआर (म्हणजे इन्फ्रारेड) ९५ टक्के’ असं सांगतील आणि लाल दिव्यासमोर फिल्मचा तुकडा धरून हात गार ठेवून दाखवतील. तो आकडा बहुतेक वेळा इन्फ्रारेडच्या एका छोट्या पट्ट्यापुरता मोजलेला असतो. तुम्ही विचारायचा तो टीएसईआर, म्हणजे एकूण सौर ऊर्जेपैकी किती परतवली. डब्यावर छापलेला नसेल तर ती फिल्म घेऊ नका. आणि धातूचा मुलामा असलेली फिल्म नकोच. तिनं मोबाइलची रेंज आणि जीपीएस दोन्ही अडखळतात.

बाळाच्या हाताबद्दल एक बिनपैशाची गोष्ट. परभणीहून गंगाखेडमार्गे लातूर म्हणजे जवळपास सरळ दक्षिणेला. सकाळी निघालात की ऊन पूर्वेकडून, म्हणजे गाडीच्या डाव्या अंगाला. दुपार कलल्यावर परत निघालात की तोंड उत्तरेला आणि ऊन पश्चिमेकडून, म्हणजे पुन्हा डाव्याच अंगाला. जाता-येता दोन्ही वेळा डावी बाजू भाजते. बाळाची सीट चालकाच्या मागे, उजवीकडे बसवा. मुलीलाही उजवीकडे सरकवा. मागच्या डाव्या दाराला ७० ची सिरॅमिक लावा. एवढ्यानं त्या हाताचा बराचसा प्रश्न सुटेल. त्या लालपणात उन्हाच्या धगीबरोबर अतिनील किरणांचाही वाटा असू शकतो. पुढची मोठी काच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर घालून बनवलेली असते, तो थर हे किरण जवळपास सगळे अडवतो. दाराची काच एकेरी, टफन्ड (तापवून कडक केलेली), तिच्यातून ते बऱ्यापैकी आत येतात.

आणि मे महिन्याच्या दुपारी बारा वाजता फिल्मकडून फार अपेक्षा ठेवू नका. मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. तेव्हा ऊन दारातून येतच नाही. टपावर पडतं आणि पुढच्या तिरक्या काचेतून डॅशबोर्डवर. त्या वेळेला गाडी पांढरी घेतलीत हेच कामाला येतं. उभी गाडी तर कुठल्याही फिल्मनं गार राहत नाही. गाडी थांबवून ‘दोन मिनिटांत येते’ म्हणत लेकरांना आत ठेवायचं नाही, सावलीत असली तरी नाही, काच बोटभर उघडी ठेवली तरी नाही. हे कळकळीनं सांगतोय.

आता पुढच्या दारांकडे येतो, कारण तुम्ही तेच विचारलंय आणि माझं सगळं म्हणणं त्या दोन काचांबद्दलच आहे.

मी लातुरात गेली २७ वर्षं गाड्यांच्या काचा बसवतो. २००९ सालापर्यंत माझ्या स्वतःच्या जीपला पुढच्या दारांना २० ची फिल्म होती, माझ्याच हातानं लावलेली. दिवसा काहीच अडचण नव्हती. त्या वर्षी डिसेंबरात, कारखाने चालू होते तेव्हा, मी बार्शीकडून लातूरला येत होतो. मुरूडच्या अलीकडे एका गावात नातेवाइकांकडे निरोप द्यायचा होता. संध्याकाळचे सव्वासात वाजले असतील. समोरून ऊसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या लावलेला, लाइट डोळ्यावर. तो जाऊ दिला, डावीकडच्या आरशात बघितलं, काही दिसलं नाही, आणि गाडी डावीकडे गावाच्या रस्त्याला वळवली. आरशात काही नव्हतं असं नाही. तो आरसा मी काळ्या काचेतून बघत होतो. सायकलवर एक माणूस होता, हँडलला दुधाची किटली, अंगावर घोंगडी. चाकाचा आवाज आला, मग किटली डांबरावर घरंगळल्याचा. मी उतरलो तर दूध पार रस्त्याच्या कडेच्या मुरमात गेलेलं आणि तो माणूस उजवं मनगट छातीशी धरून बसलेला. मनगट मोडलं होतं. लातूरला नेलं, प्लास्टर झालं, खर्च केला. हाड जुळलं, पण धार काढायला तो हात पूर्वीसारखा वळला नाही. पुढं कितीतरी वर्षं मी त्या गावावरून गेलो की त्यांच्या दारात थांबायचो. त्यांनी मला एकदाही दोष दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी जीपच्या पुढच्या दोन्ही फिल्म सोलून काढल्या. तेव्हापासून कुणाच्याही पुढच्या दाराला मी काळी फिल्म लावलेली नाही. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दिलं.

पुढच्या दाराची काच ही नुसती खिडकी नाही, ताई. बाजूचे दोन्ही आरसे तुम्ही तिच्यातूनच बघता. चौकात आडवा येणारा, बांधावरून उतरणारी म्हैस, थांब्यावरून रस्त्यावर पाऊल टाकणारी बाई, सगळं तिच्यातूनच. आपल्या रस्त्यांवर रात्री दिवे नाहीत. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऊसाच्या बैलगाड्या आणि ट्रॉल्या, कित्येकांना मागं लाल दिवा नाही की चमकती पट्टी नाही. आणि वय वाढतं तसा डोळाही उजेड कमी घेतो. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानानं साधारण एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. त्यावर तुम्ही अजून काळी काच धरायची का?

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, घरीच करून बघा. दुकानदाराकडून ३५ आणि ७० चे वहीच्या पानाएवढे दोन तुकडे मागून घ्या, देतात. संध्याकाळी साडेसातला गाडी अंगणात किंवा गल्लीच्या अंधाऱ्या टोकाला उभी करा. तुम्ही चालकाच्या जागेवर बसा आणि डाव्या दाराच्या काचेवर, तुमच्या नजरेच्या रेषेत आरसा येतो तिथं, ३५ चा तुकडा चिकटपट्टीनं लावा. यजमानांना गडद शर्ट घालून गाडीच्या मागं डावीकडे पंधरा पावलांवर उभं करा आणि सांगा, ‘मी डोळे मिटते, तुम्ही हवं तेव्हा चालायला लागा.’ डोळे उघडल्यावर ते आरशात कधी दिसतात ते बघा. मग ७० चा तुकडा लावून तेच करा. मग जागा बदला, त्यांना बसवा आणि तुम्ही चाला. घरातला वाद मिटवायला याच्याइतका चांगला उपाय मला सापडलेला नाही.

कायद्याचं थोडक्यात. २७ एप्रिल २०१२ ला सर्वोच्च न्यायालयानं काचेवर कुठल्याही टक्क्यांची काळी फिल्म किंवा अन्य काही चिकटवायला बंदी केली, ४ मेपासून ती लागू झाली. पुढं नियम १०० बदलला, १ एप्रिल २०२१ पासून त्यात ‘सेफ्टी ग्लेझिंग’ आलं, म्हणजे काचेला आतून लावलेलं मानकाप्रमाणेचं प्लास्टिक. त्याचा आधार घेऊन केरळ उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं की ७० आणि ५० ची मर्यादा पाळणाऱ्या फिल्मवर कारवाई करता येत नाही. पण तो निकाल केरळचा. आपल्याकडे चौकातला हवालदार २०१२ चा आदेश दाखवून थांबवू शकतो, आणि रस्त्यात लेकरं घेऊन वाद घालण्यात अर्थ नाही. फिल्म लावलीत तर बिल आणि मानकाचं प्रमाणपत्र गाडीत ठेवा आणि लावल्यावर मीटरनं काच मोजून घ्या. काच अर्धी खाली घेतात आणि मीटरचे दोन तुकडे आतून-बाहेरून समोरासमोर धरतात, दोन सेकंदांत आकडा येतो. ज्याच्याकडे मीटर नाही त्याच्याकडे लावू नका.

तेव्हा माझा सल्ला असा: पुढची दोन्ही दारं शक्य तर कोरी ठेवा. सासऱ्यांना पुढं ऊन लागत असेल आणि लावायचीच झाली तर ७० ची सिरॅमिक, दोन्ही दारांना सारखी, मोजून ५० च्या वर. त्याखाली अजिबात जाऊ नका. सासऱ्यांचे डोळे उजेडानं दिपत असतील तर त्यांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून गॉगल घ्या. गॉगल संध्याकाळी काढून ठेवता येतो, फिल्म काढता येत नाही.

प्रश्न : मी औशाहून तुळजापूरला रोज ये-जा करतो. संध्याकाळी जाताना सूर्य सरळ डोळ्यात येतो, समोरचं काही दिसत नाही. पुढच्या मोठ्या काचेला हलकी ९० टक्क्यांची फिल्म चालेल का?
— एक औषध विक्री प्रतिनिधी, औसा

उत्तर : नाही. तुमची पुढची काच कोरी असतानाच ७६ च्या आसपास असेल तर ९० ची फिल्म लावून ६८ होते, मर्यादा ७० ची. आणि समोरचा सूर्य १० टक्क्यांनी मंद करून काय होणार?

तुमचा त्रास सूर्यापेक्षा काचेचा जास्त असावा असं मला वाटतं. काच आतून कधी पुसलीत? डॅशबोर्डला चकाकी आणणारं पॉलिश उन्हात तापलं की त्याची वाफ काचेवर आतून बसते, दुधाळ थर तयार होतो. दिवसा तो दिसत नाही. सूर्य समोर आला की सगळी काच पांढरी होते. साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसा, मग कोरड्या सुती कापडानं, मग वर्तमानपत्राच्या कागदानं. पॉलिश लावणं बंद करा. बाहेरून बघा, वायपरनं कमानीसारखे ओरखडे पडले आहेत का. आपल्याकडे काचेवर धूळ असताना कोरडा वायपर फिरवायची सवय आहे, त्यानं काच घासून निघते. नखाला लागत असतील तर काच बदलावी लागेल, ओरखडे घासून काढले तर समोरचं वाकडं दिसायला लागतं. पोलराइज्ड गॉगल घ्या आणि मावळतीचा अर्धा तास टाळून निघता येत असेल तर चहा घेऊन निघा.

प्रश्न : जुनी गाडी घेतली आहे. आधीच्या मालकानं लावलेली फिल्म जांभळी पडून फुगे आलेत. घरी काढता येईल का? मागच्या काचेवर गरम होणाऱ्या तारा आहेत.
— एक शेतकरी, मानवत

उत्तर : दारांची येईल, मागची दुकानातून काढा. २०१२ च्या मे महिन्यात माझ्या दुकानासमोर सकाळी सातपासून गाड्यांची रांग असायची, सगळ्यांना फिल्म काढून हवी होती. त्या घाईत आम्ही कितीतरी गाड्यांच्या मागच्या तारा ब्लेडनं कापल्या. त्या तारा काचेच्या आतल्या बाजूला छापलेल्या असतात आणि फिल्मही त्यांच्यावरच चिकटलेली असते. एक तार तुटली की तेवढ्या पट्ट्यातलं दव मग जात नाही.

दारांसाठी गाडी काचा बंद करून दोन तास उन्हात लावा, तेवढं तरी आपल्या उन्हाचं भलं. आधी दाराच्या आतल्या पॅनलवर जाड टॉवेल पसरा, नाहीतर पाणी काचेच्या बटणांत जातं. वरचा कोपरा नखानं उचला आणि फिल्म काचेला समांतर, सावकाश खाली ओढा. झटका दिलात की ती फाटते आणि गोंद काचेवर राहतो. राहिलेल्या गोंदावर साबणाचं पाणी मारा, वरून वर्तमानपत्र चिकटवून ते ओलं ठेवा, दहा मिनिटांनी प्लास्टिकच्या खरवडणीनं काढा. ब्लेड वापरलंत तर काच ओली असू द्या आणि ब्लेड जवळपास आडवं धरा. खालच्या रबरात गोंदाच्या गुठळ्या साठतात. काच तीन-चार वेळा खाली-वर करून त्या बाहेर येतील तशा पुसत जा, नाहीतर पुढच्या आठवड्यात काच अडकायला लागते.